रिकाम्या टाकीचं वजन

"माने साहेब, तुम्ही म्हणालात ते खरंच असणार. शेवाळे मामांना मी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं."

फोनवर संगीताताई कांबळे होत्या. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं पावडर कोटिंगचं युनिट आहे. लोखंडी वस्तूवर रंगाची कोरडी पावडर मारायची आणि भट्टीत दोनशे डिग्रीला भाजायची, म्हणजे रंग पक्का बसतो. भट्टी गॅसवर चालते. गॅस तेव्हा आमचा. भट्टी चालवायचे शेवाळे मामा. चौदा वर्षं त्या बर्नरला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

"काही पकडलं का?" मी विचारलं.

"पकडलं काहीच नाही. पण गॅस दहा टक्के जास्त जातोय आणि तो कुठे जातोय ते त्यांना सांगता येत नाही. मग मी काय समजायचं?"

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

गॅस कुठे जात होता हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो आमच्याकडे परत येत होता.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. सेल्समध्ये असूनही. ऑफिसात त्याला कुणी दोष मानत नाही, उलट 'माने पोटात ठेवतो' असं कौतुकाने म्हणतात. पोटात काय काय ठेवलं होतं, ते आता सांगतो. पण आधी धंदा समजावून सांगायला हवा, नाहीतर चूक कळणार नाही.

मी एका खाजगी गॅस कंपनीत सेल्स ऑफिसर आहे. तुमच्या स्वयंपाकघरात येतो तो सिलिंडर आमचा नाही. आम्ही कारखान्यांना, हॉटेलांना, केटररना एलपीजी विकतो. त्याचा दर असा ठरतो: आखातातला एक मोठा उत्पादक महिन्याच्या सुरुवातीला टनाचा भाव डॉलरमध्ये जाहीर करतो. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा. डॉलरचे रुपये करायचे. मग बंदरावरचा साठवणुकीचा खर्च, टँकरने बॉटलिंग प्लांटपर्यंत आणायचा खर्च, सिलिंडर भरायचा खर्च, ट्रकने पुण्यात पोचवायचा खर्च. वर टॅक्स. आणि सगळ्यात शेवटी आमचं मार्जिन. यातलं जवळजवळ काहीच माझ्या हातात नसतं. डॉलर माझं ऐकत नाही, जहाजवाला तर मला ओळखतही नाही. माझ्या हातात एकच गोष्ट, डिस्काउंट.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "किलोला किती?" आमच्या धंद्यातली सगळी घासाघीस या प्रश्नावर चालते. आणि हा प्रश्नच अपुरा आहे. कुठला किलो? तुम्ही विकत घेतलेला, की तुम्ही जाळलेला?

ताईंकडे मोठे सिलिंडर लागायचे, साडेसत्तेचाळीस किलोचे. चार चालू, चार राखीव. आत गॅस द्रवरूपात असतो. व्हॉल्व्ह उघडला की द्रवाची वाफ होते आणि ती बर्नरला जाते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती सिलिंडर स्वतःच्या अंगातून देतो. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा कसं गार लागतं, तसंच. सकाळी भट्टी तापवताना गॅस जोरात ओढला जातो, सिलिंडर गारठतो, बाहेरून आधी घाम येतो, मग पांढरं दंव धरतं. त्यात पुण्यातली डिसेंबरची सकाळ. तळाशी उरलेला गॅस उठतच नाही. प्रेशरचा काटा खाली येतो, ऑपरेटरला वाटतं टाकी संपली. तो राखीव बाजू चालू करतो आणि 'रिकामी' टाकी ट्रकमध्ये चढते.

तिच्यात चार-पाच किलो गॅस असतो.

ती टाकी प्लांटवर जाते. तिथलं मशीन तिला साडेसत्तेचाळीसपर्यंत भरतं. आत आधीच पाच किलो असतील तर साडेबेचाळीसच टाकायचे. बिल मात्र पुन्हा साडेसत्तेचाळीसचं. थोडक्यात, तेच पाच किलो आम्ही दोनदा विकत होतो. पुढच्या खेपेला तिसऱ्यांदा.

समजा किलोचा दर शंभर रुपये आहे. मी ताईंना तीन रुपये सोडले. एका टाकीमागे झाले साधारण एकशे बेचाळीस. त्याच टाकीतून पाच किलो परत आले, सत्त्याण्णव दराने चारशे पंच्याऐंशी. ज्या दिवशी डिस्काउंट मंजूर झाला त्या दिवशी ताईंनी मला चहा आणि खारी दिली. शंभरचा गॅस सत्त्याण्णवला मिळाला म्हणून. प्रत्यक्षात जाळलेला किलो त्यांना एकशे आठला पडत होता.

आमचे रिजनल मॅनेजर परांजपे सर. त्यांना मी फोनवर विचारलं होतं, "सर, तीन रुपये सोडू का? नाहीतर समोरची कंपनी नेईल."

"सोडा की," ते म्हणाले होते. "भट्टीवाला आहे. हिवाळ्यात तोच आपल्याला परत देतो."

हे काही गुपित नव्हतं. आमच्या डिलिव्हरी चलनावर एक रकाना छापलेलाच आहे, 'रिटर्न वजन'. रिकामी टाकी घेताना वजन करायचं, टाकीच्या कॉलरवर तिचं मूळ वजन कोरलेलं असतं ते वजा करायचं, उरलेल्या गॅसचे पैसे पुढच्या बिलात कमी करायचे. जो मागेल त्याला. मागणारे दोघंतिघंच होते, मोठ्या कारखान्यांचे परचेसवाले. बाकीच्यांच्या चलनावर ड्रायव्हर त्या रकान्यात आडवी रेघ मारायचा. नव्या ड्रायव्हरला ती रेघ मारायला मीच शिकवायचो. "रिकामा ठेवू नका," मी सांगायचो. "रिकामा दिसला की माणूस विचारतो."

आता शेवाळे मामा. फुरसुंगीचे. शेत रस्त्यात आणि प्लॉटिंगमध्ये गेलं, तेव्हापासून भट्टीवर. शाळा फारशी नाही, पण ज्वालेचा रंग बघून हवा कमी-जास्त करायचे. पहिल्याच थंडीत ते मला म्हणाले होते, "साहेब, टाकी संपली म्हंत्यात, पर उचलताना अजून जड हाय."

मी म्हणालो, "लोखंड जड असतंच, मामा."

आजूबाजूची पोरं हसली. मामाही कसनुसं हसले. मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं.

मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. गारठलेल्या टाक्यांवर ते नळाचं साधं पाणी सोडायला लागले. त्याने टाकीला थोडी ऊब मिळते आणि उरलेला गॅस उठतो. म्हणजे जे मला कॉलेजात शिकवलं होतं ते त्यांनी हाताने शोधून काढलं होतं. मी सेफ्टी व्हिजिटला गेलो आणि ते बंद करायला लावलं. "गंज धरतो, व्हॉल्व्हमध्ये पाणी जातं," असं रजिस्टरमध्ये लिहिलं. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं मला ठाऊक होतं.

मग एका हिवाळ्यात ताईंनी हिशोब मांडला. एक लोखंडी जाळी रंगवायला किती गॅस लागतो ते त्यांनी काढलं आणि दर थंडीत तो दहा टक्क्यांनी वाढतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मला बोलावलं. ऑफिसात बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल, टेबलावर आखलेली वही. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, त्यामुळे आकडे आणि नटबोल्ट दोन्ही त्यांना घरचेच.

"गॅस कमी भरताय का तुम्ही?" त्यांनी सरळ विचारलं.

"छे हो. भरलेली टाकी कधीही वजन करून घ्या." भरलेली टाकी आमची नेहमीच बरोबर असते.

"मग जातो कुठे?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. शब्द जसेच्या तसे आठवतात.

"मी चोरी म्हणत नाही, ताई. पण ऑपरेटरवर जरा लक्ष ठेवा."

असं वाक्य बोलायला सोपं असतं. त्यात काहीच म्हटलेलं नसतं. पुढच्या महिनाभरात ते वाक्य वसाहतभर फिरलं आणि त्यातलं पहिलं निम्मं वाटेत गळून पडलं. मामा बारक्या शेगड्यांमध्ये गॅस भरून विकतात, इथपर्यंत गोष्ट गेली. आणि मग तो फोन आला.

दुसऱ्या दिवशी मला त्याच गल्लीत काम होतं. मामा गेटवर भेटले. हातमोजे आणि चष्मा जमा करायला आले होते. मला बघून पुढे आले. आवाज चढवला नाही.

"साहेब, तुमी गॅसवालं. तुमी ताईस्नी सांगा ना. टाकी जड जाती म्हणून."

"बघतो," मी म्हणालो आणि मोटरसायकलला किक मारली.

बघतो. सगळं माहीत असलेल्या माणसाने एका साठीच्या माणसाला दिलेलं उत्तर. त्या दिवशी मगरपट्ट्याच्या सिग्नलला हिरवा लागला तरी मी उभाच होतो. मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, आवडता रंग यायची वाट बघताय का?" मी बाजूला झालो. आणि तिथेच, बाजूला उभा असताना, ठरवलं. टाक्यांचं वजन करायचं. सगळ्यांसमोर करायचं. त्यानंतर जे होईल ते होईल.

संध्याकाळी परांजपे सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, कांबळे ताईंकडे रिटर्न वजन घ्यायचंय."

"त्यांनी मागितलं?"

"नाही. आपणहून."

"अरे वा. समाजसेवा खातं कधी उघडलं आपण?"

"एका माणसाची नोकरी गेलीय, सर."

"आपण काढली?"

"मी काढायला लावली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माने, तुमच्याकडे बत्तीस गिऱ्हाइकं आहेत. एकाला रिटर्न दिलंत की एकतीस मागतील."

"मागू देत."

"मग डिस्काउंट कुठून देणार? स्वतःच्या पगारातून?"

"डिस्काउंट देणार नाही. जाळलेल्या किलोचा दर सांगेन."

सर खुर्चीत मागे रेलले. "खरा दर सांगून गॅस विकलेला माणूस मला अजून भेटायचाय. भेटला तर फोटो पाठवा." मग पुन्हा पेन उचललं. "आणि हे बोलणं मी ऐकलेलं नाही."

नाही म्हणाले नव्हते. मला तेवढं पुरे होतं.

पुण्याच्या गोडाऊनमध्ये आमचा एक काटा होता, पण तो किती वर्षं बंद होता ते कुणालाच आठवत नव्हतं. मी वसाहतीच्या तोंडाशी बसणाऱ्या भंगारवाल्याकडे गेलो.

"गॅस कंपनीचे ना तुम्ही?" तो म्हणाला. "आणि काटा भंगारवाल्याचा?"

"खरा आहे का?"

"घेताना, की देताना?"

"आज दोन्ही वेळा खरा हवाय."

"मग भाडं जास्त पडेल," असं म्हणून त्याने काटा टेम्पोत चढवून दिला.

ताईंना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की शेवाळे मामांना बोलावून घ्या आणि रिकाम्या टाक्या माझ्या गाडीला देऊ नका. मामा आले. स्वच्छ पांढरा सदरा घालून. हातात डबा नव्हता. चौदा वर्षं त्या गेटातून डबा घेऊन येणारा माणूस पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिला.

ताईंनी आधी काटाच तपासला. पावडरचा पंचवीस किलोचा सीलबंद बॉक्स ठेवला. बॉक्सच्या वजनासकट आकडा बरोबर आला. "हं," त्या म्हणाल्या. "करा."

पहिली टाकी. मी कॉलरवरचा आकडा मोठ्याने वाचला, एक्केचाळीस पूर्णांक दोन. रिकामी असती तर काट्यावर हाच आकडा यायला हवा होता. आला शेहेचाळीस आठ.

"म्हणजे?" ताई.

"म्हणजे पाच किलो सहाशे ग्रॅम गॅस अजून आत आहे."

दुसरीत चार नऊशे. तिसरीत पाच तीनशे. चौथीत चार चारशे. चार टाक्यांत मिळून वीस किलोच्या वर. ताईंनी वहीत बेरीज केली, भागाकार केला, आणि मग मागची पानं उलटून हिवाळ्यातले दहा टक्के शोधले. बोट तिथेच ठेवून त्यांनी वर बघितलं.

"हे आजचंच, का रोजचं?"

"थंडीत रोजचं. उन्हाळ्यात कमी."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

इथे मला एक सोयीचं उत्तर देता आलं असतं. परवाच लक्षात आलं म्हणून धावत आलो, वगैरे. ताई माझे आभारही मानणार होत्या.

"पहिलं कोटेशन दिलं तेव्हापासून," मी म्हणालो. "तुमचा डिस्काउंट याच्यातूनच निघत होता. मामा पाणी सोडायचे ते मी यासाठीच बंद केलं. आणि लक्ष ठेवा म्हणालो तेव्हाही मला माहीत होतं की मामांनी काही केलेलं नाही."

बाहेरच्या पोरांनी हातातली कामं थांबवली होती. हीच पोरं तेव्हा हसली होती.

ताईंनी वही मिटली. "माझी आई म्हणायची, गोड बोलणाऱ्याला पाणी द्यावं, चहा देऊ नये. मी तुम्हाला खारीसुद्धा दिली."

मी मान खाली घातली.

मामा पुढे आले. चौथी टाकी अजून काट्यावरच होती. त्यांनी तिच्या गळ्याला हात लावला, थोडी तिरपी करून बघितली, पुन्हा सरळ ठेवली.

"लोखंड जड असतंच," ते म्हणाले. "असंच म्हणला व्हता न्हवं, साहेब?"

"हो, मामा. चुकलं माझं."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आजतागायत म्हणालेले नाहीत.

ताई त्यांच्याकडे वळल्या. "मामा, मी तुम्हाला एकदा तरी विचारायला हवं होतं नीट. चुकले. उद्यापासून या."

"उद्याचं उद्या," मामा म्हणाले. माझ्या हातातल्या चलनाकडे बोट केलं. "आधी ह्यास्नी लिवू द्या."

मी 'रिटर्न वजन'च्या रकान्यात चार आकडे लिहिले. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. त्याला रेघ मारायला मीच शिकवलं होतं. त्याने सही केली.

पुढचं थोडक्यात. ताईंनी कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने त्या दिवसापासून रिटर्नचे पैसे द्यायला सुरुवात केली. मागचे दिले नाहीत. चलनांवर रेघा होत्या आणि रेघेचं वजन होत नाही. डिस्काउंट रद्द झाला. काट्याचं भाडं मी दिलं. मामा तिसऱ्या दिवशी आले, डबा घेऊन. आल्या आल्या एक अट घातली: काटा युनिटमध्येच ठेवायचा. ताईंनी नवा काटा घेतला. रिटर्न वजनाचा रकाना तेव्हापासून मामा स्वतः भरायचे, मोठ्या, बाळबोध आकड्यांत, आणि भरून झाला की चलन माझ्या समोर धरायचे.

उरलेल्या एकतीस ठिकाणीही मी काटा नेला. दोन महिने गेले. एका केटररने मला विचारलं, तुम्ही नोकरी सोडणार आहात का? सात गिऱ्हाइकं गेली. ती चिडून गेली नाहीत. समोरची कंपनी किलोला तीन रुपये कमी घेत होती म्हणून गेली. त्यांना मी कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण किलोला किती?" त्या वर्षी माझं टार्गेट हुकलं. परांजपे सरांनी अप्रेझलमध्ये लिहिलं, 'प्रामाणिक आहे'. आमच्याकडे हा शेरा बढती न देण्यासाठी वापरतात.

गेल्या वर्षी वसाहतीत नैसर्गिक वायूची पाइपलाइन आली. ताईंनी मला बोलावलं आणि त्या कंपनीचं कोटेशन समोर टाकलं. तो गॅस घनमीटरवर विकतात. किलो आणि घनमीटर यांची तुलना सरळ होत नाही, उष्णतेने करावी लागते. ढोबळमानाने एक किलो एलपीजी म्हणजे सव्वा घनमीटर. शिवाय त्यांच्या करारात किमान उचल असते. तेवढा गॅस जाळला नाही तरी पैसे द्यावेच लागतात. मी दोन्ही बाजू लिहून दिल्या. त्यांच्या कामाला पाइपचा गॅस स्वस्त पडत होता.

"तुमचा माल सोडा म्हणून तुम्हीच सांगताय?" ताईंनी विचारलं.

"मीटरमधून जेवढा गेला तेवढ्याचंच बिल येतं," मी म्हणालो. "फक्त किमान उचल कमी करून घ्या. मगच सही करा."

त्यांनी तसंच केलं. चोवीस उरली, मी आता पंचविसावं गिऱ्हाईक शोधतो आहे.

शेवटच्या चार टाक्या न्यायला मी स्वतः गेलो. मामांनी एकेक काट्यावर चढवली, आकडे लिहिले, चलन माझ्या समोर धरलं. मी सही केली. चहा आला. खारी नव्हती.

गॅस घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: किलोचा दर कुणीही सांगेल, तुम्ही रिकाम्या टाकीचं वजन विचारा. आणि विकणाऱ्याला: उचलणाऱ्याने टाकी जड आहे म्हटलं, तर उत्तर देण्याआधी ती एकदा स्वतः उचलून बघा.